‘रिन्यू’ म्हणजे नेमकं काय? पीक कर्जाच्या मेसेजपासून स्कॉलरशिपच्या अर्जापर्यंत

मार्च लागला की आमच्या सेवा केंद्रात माणसं मोबाइल हातात धरूनच येतात. ‘ताई, हे पाय बरं, काय लिवलं?’ मेसेज इंग्रजीत असतो आणि अडलेला शब्द बहुतेक वेळा एकच असतो: रिन्यू. कोणाचं पीक कर्ज रिन्यूला आलेलं असतं, कोणाच्या गाडीची पॉलिसी, कोणाच्या पोरीचा स्कॉलरशिपचा अर्ज. कारंजा तालुक्यातल्या आमच्या गावात हा शब्द आता ‘सही’ किंवा ‘तारीख’ इतकाच रोजचा झाला आहे. बोलतात सगळेच. पण म्हणजे काय, असं विचारलं तर कोणी म्हणतं पुढं ढकलणं, कोणी म्हणतं नवीन काढणं, कोणी म्हणतं पैसे भरणं.

हा फरक मला घरातच महागात शिकावा लागला. मी बारावीत असताना बाबांच्या मोबाइलवर बँकेचा मेसेज आला होता, ‘युवर क्रॉप लोन इज ड्यू फॉर रिन्यूअल.’ इंग्रजी वाचणारी घरात मी एकटीच. मी सांगितलं, ‘बाबा, कर्ज रिन्यू होणार आहे.’ बाबांना वाटलं, बँक आपणच करून घेते. तूर विकून आलेले पैसे त्यांनी विहिरीच्या मोटरीला लावले. मुदत निघून गेली आणि व्याजाची सवलतही गेली. मेसेजचा अर्थ होता, ‘नवं-जुनं करायची वेळ झाली, तुम्ही या.’ मी तो ‘होणार आहे’ असा वाचला होता.

म्हणून हे सगळं पायरीपायरीनं लिहिते आहे. पहिल्यांदाच इंग्रजी कागदाशी गाठ पडलेल्यांसाठी, आणि घरात एकट्यानंच इंग्रजी वाचावं लागणाऱ्या पोरापोरींसाठी तर खासच.

पहिली पायरी: शब्द फोडून पाहा

स्पेलिंग आहे आर-ई-एन-ई-डब्ल्यू. उच्चार रिन्यू, आणि जोर ‘न्यू’वर. अमेरिकेतली माणसं ‘रिनू’ म्हणतात, तेही चूक नाही. यातला ‘न्यू’ आपल्या ओळखीचा आहे. त्याच्याआधीचा ‘री’सुद्धा रोज भेटतो: रिचार्ज, रिफिल. तिथे ‘री’ म्हणजे पुन्हा. तेव्हा रिन्यू म्हणजे पुन्हा नवं करणं.

‘री’ लॅटिनमधून आलेला, ‘न्यू’ अस्सल इंग्रजी. दोन्ही जोडून हा शब्द इंग्रजीत चौदाव्या शतकापासून वापरात आहे. मला यातली एक गोष्ट फार आवडते. इंग्रजी ‘न्यू’, लॅटिन ‘नोवुस’ आणि आपला ‘नव’ हे तिन्ही शब्द एकाच मुळातून फुटलेले आहेत. म्हणजे शब्द वाटतो तितका परका नाही.

सरकारी मराठीत रिन्यूला ‘नूतनीकरण’ किंवा ‘नवीकरण’ म्हणतात. पण आपल्या शेतकऱ्यांनी त्याला कितीतरी चांगला शब्द कधीचाच दिलेला आहे: नवं-जुनं करणं. ‘यंदा नवं-जुनं झालं का गा?’ असं सोसायटीच्या ओट्यावर विचारतात. नूतनीकरणात नुसतं नवं दिसतं. नवं-जुनं म्हटलं की जुनं आधी मिटवायचं आहे, हेही त्यातच येतं. अर्थ पाठ करायचा असेल तर हाच करा.

दुसरी पायरी: सालगड्याचं साल आठवा

आपल्याकडे सालगड्याचं साल पाडव्याला भरतं. त्या दिवशी मालक आणि गडी समोरासमोर बसतात. मागची उचल किती होती, किती फिटली, किती राहिली, हिशेब होतो. मग येणाऱ्या सालाचा आकडा ठरतो, धान्य ठरतं, कपडे ठरतात. गडी तोच, मालक तोच, वावरही तेच. साल मात्र नवं, आणि आकडाही बहुधा नवा.

इंग्रजीतलं रिन्यू अगदी असंच आहे. जुनी मुदत संपलेली किंवा संपत आलेली असते. कोणीतरी उठून काहीतरी करावं लागतं: अर्ज, पैसे, सही. मग तेच नातं नव्या मुदतीसाठी पुन्हा बांधलं जातं, आणि त्या वेळी अटी बदलू शकतात. पाडव्याला गडी न बोलता घरी बसून राहिला तर साल आपोआप लागत नाही. तसंच रिन्यूही आपोआप होत नाही.

जिथे ते आपोआप होतं, तिथे इंग्रजी कागद तसं स्पष्ट लिहितो: ऑटो-रिन्यूअल. समृद्धी महामार्गात जमीन गेलेल्या आमच्या भागातल्या बऱ्याच लोकांनी मोबदला एफडीत ठेवला. त्या पावतीवर किंवा अर्जावर हा शब्द शोधा. ऑटो-रिन्यूअलला हो केलेलं असेल, तर मुदत संपल्यावर बँक तीच रक्कम पुन्हा तितक्याच मुदतीसाठी ठेवते. पण व्याजाचा दर जुना नसतो, त्या दिवशी बँकेचा जो दर असेल तो लागतो. त्याच्या शेजारी आणखी एक चौकट असते. ‘प्रिन्सिपल ओन्ली’ म्हणजे फक्त मुद्दल पुन्हा ठेवायचं आणि व्याज खात्यात. ‘प्रिन्सिपल प्लस इंटरेस्ट’ म्हणजे दोन्ही मिळून. लग्नाला किंवा बोअरला पैसे लागणार असतील, तर मुदतीच्या आधीच जाऊन ऑटो-रिन्यूअल बंद करून या.

तिसरी पायरी: जे रिन्यू नाही, ते बाजूला काढा

खरा घोळ इथे आहे, म्हणून इथे जरा जास्त थांबते. लोक पाच-सहा वेगळ्या कामांना सरसकट ‘रिन्यू’ म्हणतात. कागदावर शब्द वेगळा असतो, कामही वेगळं असतं.

पहिला एक्स्टेंड. कापूस वेचून झाल्यावर तीच झाडं पाणी देऊन पुढे ठेवली की ती फरदड. गुलाबी बोंडअळीला ती आवतण देते, म्हणून कृषी विभाग फरदड घेऊ नका म्हणतो. पण शब्द समजायला उदाहरण चांगलं आहे. फरदड म्हणजे एक्स्टेंड: जुनंच लांबवलं. वावर साफ करून पुढच्या मृगात नवं बियाणं टाकलं, ते रिन्यू. अर्ज भरायची तारीख एक्स्टेंड होते, रिन्यू होत नाही. ‘लास्ट डेट एक्स्टेंडेड’ असं दिसलं तर तुमच्या अर्जाचं काही बदललेलं नाही, तुम्हाला फक्त आणखी दिवस मिळाले आहेत.

दुसरा अपडेट. ‘ताई, आधार रिन्यू करून द्या’ हे मी रोज ऐकते. आधार नंबरची मुदत संपत नाही, त्यामुळे तो रिन्यू करायचा प्रश्नच येत नाही. पत्ता, मोबाइल, फोटो अपडेट होतात. लहान मुलांचे बोटांचे ठसे ५ आणि १५ वर्षांचं वय झाल्यावर घ्यावे लागतात, तेही अपडेटच. पॅन कार्डाचीही मुदत संपत नाही. म्हणून ‘तुमचं पॅन रिन्यू करा, नाहीतर खातं बंद होईल’ असा मेसेज लिंकसकट आला, तर त्या लिंकला हात लावू नका. ज्याला मुदतच नाही ते रिन्यू करायला सांगणारा माणूस तुमच्या पैशावर टपलेला आहे. शब्दाचा अर्थ माहीत असला की फसवणूक अशी मेसेज वाचतानाच ओळखू येते.

तिसरा री-इश्यू. पासपोर्टची १० वर्षं संपली की आपण रिन्यू म्हणतो, पण अर्जात त्या नावाचा पर्याय शोधत बसू नका. तिथे ‘री-इश्यू’ लिहिलेलं असतं. नवं पुस्तक आणि नवा नंबर मिळतो, म्हणून तो शब्द.

चौथा रिवाइव्ह. आयुर्विम्याचा पहिला हप्ता सोडून पुढचे सगळे हप्ते इंग्रजीत ‘रिन्यूअल प्रीमियम’ असतात. हप्ते थकले आणि सवलतीचे दिवसही गेले की पॉलिसी ‘लॅप्स’ होते. मग ती रिन्यू होत नाही, रिवाइव्ह करावी लागते. रिवाइव्ह म्हणजे विझत आलेल्यात पुन्हा जीव आणणं. त्याला थकलेले हप्ते, त्यावरचं व्याज आणि बऱ्याचदा तब्येतीचा दाखला लागतो. वेळेवर रिन्यूअल भरणं किती स्वस्त असतं, ते तेव्हा कळतं.

पाचवा रिस्ट्रक्चर, म्हणजे पुनर्गठन. पीक बुडालेल्या वर्षी बँक जुनं पीक कर्ज हप्त्यांमध्ये पाडून काही वर्षांवर नेते, ते हे. नवं-जुनं करण्यात जुनं फिटतं. पुनर्गठनात जुनं डोक्यावर राहतं, फक्त फेडायला वर्षं मिळतात. दोन्ही वेळी सही लागते आणि दोन्ही वेळी समोरचा ‘रिन्यू करून देतो’ म्हणू शकतो. सही करण्याआधी कागदावर यातला कोणता शब्द आहे ते बोट ठेवून विचारा. यात लाजायचं काही नाही.

पीक विमा मात्र यातल्या कशातच बसत नाही. तो दर हंगामात नव्याने काढायचा असतो. मागच्या खरिपाचा होता म्हणून यंदाचा आपोआप चालू आहे, असं धरून चालू नका.

चौथी पायरी: रिन्यूच्या आजूबाजूचे छोटे शब्द वाचा

रिन्यू हा शब्द कळला तरी माणूस फसतो तो त्याच्या शेजारच्या शब्दांत. मी फसले ती ‘ड्यू’मध्ये. ‘ड्यू फॉर रिन्यूअल’ म्हणजे वेळ झाली, काम तुमच्याकडे. ‘रिन्यूड’ किंवा ‘हॅज बीन रिन्यूड’ म्हणजे झालं, काम संपलं. ‘टू बी रिन्यूड’ किंवा ‘मस्ट बी रिन्यूड’ म्हणजे अजून व्हायचं आहे. शेवटी ‘ड’ ऐकू आला म्हणून झालंच, असं समजू नका. त्याच्या आधी ‘हॅज बीन’ आहे की ‘टू बी’, ते पाहा.

मग तारखेच्या आधीचा शब्द. ‘बाय ३१ मार्च’ यातल्या ‘बाय’चा अर्थ शाळेत ‘कडून’ असा शिकलेलो असतो, इथे तो चालत नाही. इथे बाय म्हणजे ३१ मार्चपर्यंत, म्हणजे ३० ला गेलात तरी चालेल, १ एप्रिलला नाही. ‘ऑन १ जून’ म्हणजे १ जूनलाच. ‘फॉर फाइव्ह इयर्स’ म्हणजे पाच वर्षांसाठी.

ड्रायव्हिंग लायसन्सचं उदाहरण घ्या, कारण त्यात तारखेला फार किंमत आहे. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून रिन्यूअलचा अर्ज करता येतो. संपल्यानंतरही एक वर्षापर्यंत लायसन्स रिन्यू होतं. वर्षाच्या वर गेलं की पुन्हा गाडी चालवून दाखवायची परीक्षा आली. पण मधल्या त्या एका वर्षात जुन्या लायसन्सवर गाडी चालवता येते, असा त्याचा अर्थ नाही. मुदत संपली त्या दिवसापासून ते चालत नाही. चाळिशीच्या वर वय असेल तर डॉक्टरचा दाखला लागतो. गाडीच्या विम्याचंही असंच: मुदत संपून ९० दिवसांच्या वर गेले, तर क्लेम न घेतल्याबद्दल साठलेली सूट, म्हणजे नो-क्लेम बोनस, जाते.

पाचवी पायरी: स्वतः वापरून पाहा

आपण मराठीत ‘रिन्यू करणे’ म्हणतो, म्हणून इंग्रजी बोलतानाही तो ‘करणे’ सोबत नेतो. ‘आय वॉन्ट टू डू रिन्यू’ असं आमची पोरं हमखास म्हणतात. रिन्यू हे स्वतःच क्रियापद आहे, त्याला ‘डू’ लागत नाही. ‘आय वॉन्ट टू रिन्यू माय लायसन्स’ एवढंच पुरे. आणि काय रिन्यू करायचं ते त्याच्या लगेच पुढे आलं पाहिजे: रिन्यू माय लायसन्स, रिन्यू द पॉलिसी.

दुसरी चूक ‘माय पॉलिसी इज रिन्यू’. बरोबर वाक्य ‘माय पॉलिसी इज रिन्यूड’. तिसरी ‘रिन्यू अगेन’. पुन्हा हा अर्थ ‘री’मध्येच आहे, म्हणून अगेन नको.

आणि रिन्यूअल हे नाम आहे. ‘द रिन्यूअल इज पेंडिंग’, ‘आय हॅव कम फॉर रिन्यूअल’, असं. खिडकीवर उभं राहून घाबरायला झालं, तर हे शेवटचं वाक्य म्हणा. लहान आहे, चुकायची जागाच नाही. मराठीत बोललात तरी काम होतंच, पण कॉलेजला गेलेल्या मुलामुलींनी एकदा तरी इंग्रजीत बोलून पाहावं, धीर येतो.

स्कॉलरशिपवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर आणि राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर ‘फ्रेश’ आणि ‘रिन्यूअल’ असे दोन प्रकारचे अर्ज असतात. एखाद्या कोर्सला पहिल्यांदा अर्ज करताना फ्रेश. त्याच कोर्सच्या पुढच्या वर्षी, तीच शिष्यवृत्ती चालू ठेवायची असेल तर रिन्यूअल. गडी तोच, साल नवं. कोर्स बदलला तर मागची शिष्यवृत्ती मिळत होती म्हणून रिन्यूअल दाबायचं नाही. आणि पहिल्या वर्षी पैसे आले म्हणून दुसऱ्या वर्षी ते आपोआप येतील, असंही नाही. गरिबाघरच्या पोरींचं एकेक वर्ष या एका गैरसमजात कोरडं गेलेलं मी पाहिलं आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीनची गडबड असते, घरचे सगळे वावरात असतात आणि अर्ज राहून जातो. सोंगणी थांबत नाही हे मलाही कळतं. पण या अर्जासाठी एक दुपार काढा.

सहावी पायरी: कागदाबाहेरचा रिन्यू

पेपरात आणि पुस्तकात हा शब्द मुदतीशिवायही भेटतो. ‘दे रिन्यूड देअर फ्रेंडशिप’ म्हणजे तुटलेली किंवा विसरलेली मैत्री पुन्हा जुळली. ‘द फार्मर्स रिन्यूड देअर डिमांड’ म्हणजे शेतकऱ्यांनी तीच मागणी पुन्हा नव्या जोरानं लावून धरली. ‘रिन्यू द पाइप्स’ म्हणजे गंजलेले पाइप काढून नवे टाकणं. डागडुजी केली तर ते रिपेअर. ‘विथ रिन्यूड एनर्जी’ म्हणजे ताज्या दमानं.

आणि एक शब्द आता थेट वावरात आला आहे: रिन्यूएबल. ‘एबल’ म्हणजे होऊ शकणारं, म्हणून रिन्यूएबल म्हणजे पुन्हा नवं होऊ शकणारं. आपल्या विदर्भात दोन्ही बाजू डोळ्यांनी दिसतात. चंद्रपूर-वणीकडचा कोळसा एकदा खणून जाळला की संपला, तो पुन्हा तयार व्हायला लाखो-कोट्यवधी वर्षं लागतील. चंद्रपूरचं २,९२० मेगावॅटचं वीज केंद्र त्याच कोळशावर चालतं. तो नॉन-रिन्यूएबल. आणि ज्यांच्या वावरात सौर कृषी पंप बसला, त्यांच्या पॅनलवर रोज सकाळी नवं ऊन येतं. ते रिन्यूएबल. मराठीत याला नवीकरणीय ऊर्जा म्हणतात.

शेवटी एक मेसेज पूर्ण वाचून पाहू

‘युवर केसीसी लिमिट इज ड्यू फॉर रिन्यूअल. प्लीज व्हिजिट द ब्रँच बाय थर्टी-फर्स्ट मार्च.’

केसीसी म्हणजे किसान क्रेडिट कार्ड, १९९८ पासून चालू असलेली योजना. लिमिट म्हणजे तुम्हाला किती रुपयांपर्यंत उचलता येतात ती मर्यादा. ड्यू फॉर रिन्यूअल म्हणजे काम अजून झालेलं नाही, तुमच्याकडे आहे. व्हिजिट म्हणजे तुम्ही जायचं आहे. बाय म्हणजे त्या तारखेपर्यंत.

आता हे का मनावर घ्यायचं, ते ऐका. वेळेत फेडणाऱ्याला ३ लाखांपर्यंतच्या पीक कर्जावर केंद्राची व्याज सवलत मिळते. उरलेल्या व्याजाचा भार राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून हलका होतो. पंजाबराव आपल्या अमरावतीकडचे, देशाचे कृषिमंत्री होते. तारीख चुकली की सवलत हातची जाते. सात टक्क्यांनी धरलं तरी लाखामागे वर्षाचे ७,००० रुपये. एवढ्यात सोयाबीनच्या बियाण्याच्या किती पिशव्या येतात, ते तुम्हीच मोजा.

सोबत आधार, पासबुक, ताजा सातबारा आणि आठ-अ न्या. जुनं भरून झालं की नवी मर्यादा त्या वर्षीच्या पीक कर्ज दरानं ठरते. हे दर जिल्ह्याची तांत्रिक समिती पिकानुसार ठरवते, म्हणून दोन एकर कपाशीचं आणि दोन एकर तुरीचं कर्ज सारखं निघत नाही. पेरा बदलला असेल तर तो सांगा.

अजून एक. जुनं भरायला हातात पैसे नसले की आपल्याकडे चार दिवसांसाठी कोणाकडून तरी शेकड्यानं उचलतात, आणि नवं कर्ज आलं की त्याचे फेडतात. ते चार दिवस कधीकधी महिना होतात, आणि तो महिना फार जड जातो. पैसे उचलण्याआधी शाखेत विचारून घ्या, भरल्यापासून नवं कर्ज खात्यात किती दिवसांत पडेल.

यंदा बाबा बँकेत एकटेच गेले. मी येते म्हटलं तर म्हणाले, ‘तू राय घरीच, मले समजते आता.’ खिडकीवर त्यांनी मेसेज दाखवला आणि विचारलं, ‘जुनं किती भरा लागते, नवं किती भेटते, अन् किती दिवसात?’ साहेबांनी तिन्ही आकडे एका चिठ्ठीवर लिहून दिले. ती चिठ्ठी बाबांनी पासबुकाच्या कव्हरात ठेवली आहे, आणि गेल्या आठवड्यात शेजारचे काका त्यांचा मेसेज घेऊन आले, तेव्हा ती काढून त्यांच्यापुढे ठेवली.